चपलांनी वाजवायचं वाद्य

दोन्ही हातांत एकेक रबरी चप्पल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, आपण संगीताची साधना करत आहोत, हे दुसऱ्याला पटवून देणं फार अवघड जातं. हे मी अनुभवाने सांगतो. आवाजात कितीही सभ्यपणा आणा, चेहरा कितीही प्रसन्न ठेवा, ऐकणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. तो चपलांकडे बघतो आणि हळूहळू मागे सरकतो.

एरवी मी चारचौघांत मान राखून असलेला माणूस आहे. वजनमापे खात्यात नोकरी करतो. दुकानदारांचे तराजू, मापं, मोजपट्ट्या तपासायच्या आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. मला बघून भलेभले दुकानदार उठून खुर्ची पुढे करतात. पण आमच्या कॉलनीत मला या कामासाठी कुणी ओळखत नाही. तिथे मी 'डब्याच्या वहिनींचे मिस्टर' आहे. डब्याच्या वहिनी म्हणजे माझी बायको.

आता हे डब्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडाचार वाटेल. (सांगितल्यावरही वाटेल, पण निदान क्रमाने वाटेल.) कॉलनीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी सकाळी वाद्यमंडळ जमतं. तिथला नियम एकच. बाजारातून विकत आणलेलं वाद्य आत आणायचं नाही. ज्याने त्याने आपलं वाद्य घरी, स्वतःच्या हाताने बनवायचं आणि स्वतःच वाजवायचं. हा नियम मास्तरांनी घातला. मास्तर पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे, आता निवृत्त झालेत आणि सायकलचं चाक वाजवतात. एकदा त्यांनी सायकल नेऊन वाचनालयाच्या भिंतीवर आदळली. चाक वाकलं, त्यातल्या तारा कमीजास्त ताणल्या गेल्या, आणि मास्तरांनी नुकसान बघायला बोट फिरवलं तर सूर निघाले. भिंतीचा पोपडा अजून तसाच आहे. मंडळ त्या दिवशी सुरू झालं.

माझी बायको या मंडळात शिरली ती अगदी सहज. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, झाडूचा दांडा आणि एक तार, एवढ्यावर तिने वाद्य उभं केलं. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, झाकण अडकलंय. "आण इकडे, मी काढतो," असं म्हणणार तेवढ्यात तिने तार छेडली, आणि त्या डब्यातून जे बाहेर आलं ते ऐकून मी खांद्यावरची पिशवी उतरवायला विसरलो. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला तिच्या बोटांत हे होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला तिचा फार अभिमान वाटला. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

वाचनालयाच्या त्या खोलीत मधोमध एक जुना गालिचा आहे आणि भिंतीला लागून खुर्च्या. वाद्यवाले गालिच्यावर बसतात. ज्यांना वाद्य नाही ते, म्हणजे वाद्यवाल्यांचे नवरे, बायका आणि पेपर वाचायला येऊन सापडलेला एखादा सभासद, खुर्च्यांवर बसतात. डबा घरून उचलून आणायचा, गालिच्यावर अलगद ठेवायचा आणि खुर्चीवर जाऊन बसायचं, ही माझी संगीतसेवा. गालिच्यावर बायकोच्या शेजारी दातांचे डॉक्टर बसतात.

दातांच्या डॉक्टरांविषयी मला काहीही वाईट बोलायचं नाही. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली आहे आणि चांगली काढली आहे. दवाखान्यातल्या टेबलाच्या एका खणावर मासेमारीच्या दोऱ्या ताणून त्यांनी वाद्य बनवलंय. बायको डब्यावर काहीतरी छानसं वाजवते, डॉक्टर खणावर त्याला उत्तर देतात, ती पुन्हा काही विचारते, ते पुन्हा सांगतात, आणि असं होत होत दोघं एकदम एका जागी येऊन थांबतात. थांबल्यावर ती शेजारी बघून हसते. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ते डॉक्टरांकडे गेलेलं मी खुर्चीवरून, तेही अर्धं, बाजूने बघायचो.

मला तिच्या शेजारी बसून वाजवायचं होतं. एकदा तरी. बाकी संगीताशी माझं काही घेणंदेणं नव्हतं.

हा बेत मी घरी जाहीर केला तेव्हा बायको लगेच हसली नाही, हा तिचा चांगुलपणा.

"अहो, पण तुम्हाला सूर कळतो का?"

"लांबी कळते," मी म्हणालो. "सूर म्हणजे शेवटी लांबीच. मास्तरांना विचार हवं तर."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही.

वाद्य कोणतं करावं, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. तरी सगळ्यांनी सांगितलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, काचेच्या बाटल्यांत पाणी भरा. मी तेही करून बघितलं, पण तहान लागली की माझ्याकडून वाद्य बेसूर होई. शेजारच्या काकूंना विचारलं असतं तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून विचारलं. काकू वयाने मोठ्या, मला अरेतुरे करतात आणि आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"तू टाळ्या वाजव," काकू म्हणाल्या. "हात घरचेच आहेत. नियमात बसतं."

"टाळ्या मी खुर्चीवर बसूनही वाजवतोच आहे, काकू."

"मग तेच नीट कर आधी. मागच्या वेळी मधेच वाजवल्यास."

शेवटी सल्ला लागू पडला तो साडूचा. साडू या नात्याची एक गंमत आहे. त्याचं ऐकलं नाही तर मेहुणी बोलते, आणि ऐकलं तर बायको. माझा साडू पाईपच्या गोदामात कामाला आहे आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याचं उत्तर पाईप हेच असतं. या वेळी योगायोगाने ते बरोबर निघालं.

"साडूबुवा, हे बघा," असं म्हणून त्याने प्लास्टिकचा एक जाडसर पाईप उभा धरला, पायातली रबरी चप्पल काढली आणि पाईपच्या तोंडावर सपकन मारली. आतून 'बुंग' असा भरदार आवाज आला. "लांब पाईप, खालचा सूर. आखूड पाईप, वरचा सूर. आठ पाईप घ्या, आठ लांब्या कापा. सरगम तयार! लांबी तर तुमच्या घरची आहे."

त्या शेवटच्या वाक्यावर मी फसलो.

आठही पाईप गॅलरीत आले. जुन्या पलंगाच्या दांड्यांची चौकट करून मी ते ओळीने उभे केले आणि गॅलरीच्या कठड्याला बांधले. मग कापायला बसलो. पद्धत अशी की मी चपलेने पाईप वाजवायचा आणि बायकोने आतून काम करता करता निकाल द्यायचा.

"खाली आहे!"

मी थोडा कापायचा. बुंग.

"अजून खाली!"

पुन्हा कापायचा. बुंग.

"अहो, वर गेला! फार वर गेला!"

आता, तराजूत जास्त झालेली साखर काढता येते आणि कमी पडलेली घालता येते. कापलेला पाईप काही केल्या लांब होत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत ही अडचण कधी आली नव्हती. त्यामुळे जो पाईप सगळ्यात खालच्या सुराचा म्हणून सुरू झाला तो चुकत चुकत, आखडत आखडत सगळ्यात वरच्या सुराचा झाला, आणि त्याच्या जागी साडूकडून नवा आणावा लागला. पण शेवटी आठ पाईप आठ सुरांत लागले. बायको हात पुसत गॅलरीत आली, तिने आठांवर ओळीने चपला मारल्या आणि म्हणाली, "अहो, खरंच लागलेत की!" त्या 'की'साठी मी आणखी आठ कापले असते.

सराव सुरू झाला आणि अफवाही. कारण खालून दिसायचं ते एवढंच, की हा माणूस ऑफिसातून येतो, चहा पितो, गॅलरीत जातो आणि कठड्याआड कुणालातरी दोन्ही हातांनी चपलांनी मारतो. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "घरात सगळं ठीक आहे ना रे?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे, पाईप मारतोय. काकू म्हणाल्या, "पाईपनेही?" त्यानंतर दोन दिवस त्या बायकोशी फार मायेने बोलत होत्या.

मग इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. 'विषय: आपल्या गॅलरीत आढळून आलेले विनापरवाना पाईप.' मी लगोलग त्यांच्याकडे गेलो.

"ते पाईप नाहीत," मी म्हणालो.

"मग काय आहेत?"

"पाईपच आहेत. पण त्यांतून पाणी जात नाही."

"पाणी जात नाही?" सेक्रेटरींनी वही उघडली. "मग ही तर वेगळी तक्रार झाली."

मी त्यांना वाद्य, सूर, लांबी, वाचनालय, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. त्यांना फक्त रकान्याबाहेरचं काही दिसत नाही. त्यांनी परवानगीचा अर्ज पुढे केला. त्यात पाईपच्या प्रकारापुढे दोनच रकाने होते, 'येणारं पाणी' आणि 'जाणारं पाणी'.

"तिसरा रकाना हवा असेल तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल," ते म्हणाले. "बोलावू?"

इमारतीची गेली सर्वसाधारण सभा पार्किंगवरून झाली होती आणि त्यातले दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मी सभा नको म्हणालो. रकाना रिकामा सोडावा, तर मी स्वतः सरकारी माणूस. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी विचार केला, या पाईपांतून काय होतं? आवाज बाहेर जातो. म्हणजे जाणारं. मी 'जाणारं पाणी' यापुढे ठळक खूण केली, सही केली, आणि आपण किती हुशारीने सुटलो या आनंदात घरी आलो. मंडळाच्या फळ्यावर मास्तरांनी रविवारसाठी 'नवे वाद्य: पाईप' असं लिहिलंही होतं. फळ्यावर नाव लागलेला माणूस आला नाही किंवा त्याचं वाद्य इतरांबरोबर बसलं नाही, तर वर्षभर त्याला पुन्हा विचारायचं नाही, अशी मंडळाची रीत होती.

शनिवारी मी ऑफिसातून आलो तो काकू दारातच उभ्या. चेहऱ्यावर समाधान.

"आलास? तो प्लंबर येऊन गेला बघ. सेक्रेटरींनी पाठवला होता. जाणाऱ्या पाण्याचे सगळे पाईप तपासायचेत म्हणाला. मी किल्ली दिली. बिचारा दुपारभर खपत होता."

"कशावर?" मी विचारलं.

"तुझ्या पाईपांवर. मला म्हणतो कसा, 'काकू, हे काम कुणी केलंय? एक पाईप दुसऱ्याला धरून नाही. कुणाचं तोंड कुठे, कुणाचं कुठे.' मी म्हटलं, यानेच केलंय. तर म्हणाला, 'साहेब वजनमापे खात्यात आहेत ना?'"

मी गॅलरीत धावलो. आठही पाईप ओळीत उभे होते आणि सगळे सारखे. सगळ्यात आखूड पाईप धरून त्याने बाकीचे सात त्याच्या बरोबरीला कापले होते. नुसते कापले नव्हते, तोंडं घासून गुळगुळीत केली होती, चौकट पुसली होती आणि निघताना गॅलरीही झाडली होती. इतकं चांगलं काम पैसे देऊनही कुणी करत नाही.

मी त्याला फोन लावला. "अहो, ते कापलेले तुकडे कुठे आहेत?"

"टाकले साहेब. तुम्ही निर्धास्त राहा, लेव्हल लावून कापलेत. एका केसाचा फरक सापडला तर मला सांगा."

मी ऑफिसची स्टीलची पट्टी काढली आणि मोजलं. चूक सापडली असती तर निदान भांडता आलं असतं. सापडली नाही. शिक्का मारण्याच्या लायकीचं काम होतं.

बायको आली, तिने बघितलं, चप्पल उचलली आणि ओळीने आठांवर मारली. बुंग, बुंग, बुंग, बुंग. सगळीकडून तोच बुंग. "किती एकसारखे लागलेत हो," ती म्हणाली, आणि हसत हसत तिथेच जमिनीवर बसली. मला हसू आलं नाही. मी दुसऱ्या कोपऱ्यात बसलो. इतके दिवस कापाकापी केली, काकूंचे टोमणे ऐकले, रकान्यात पाणी लिहून दिलं, ते सगळं ज्या एका जागेसाठी केलं ती जागा आता वर्षभर डॉक्टरांचीच राहणार, या विचाराने मला खरोखर रडायला आलं. साडू नेमका बाहेरगावी, पाईपचं दुकान बंद.

बायकोने हसणं थांबवलं. "उद्या चला तर खरं," ती म्हणाली.

"आणि वाजवू काय?"

"जे आहे ते."

दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. चौकट धरून पुढे मी, मागे डबा घेऊन बायको. वाचनालयात शिरलो तेव्हा तिथे नेहमीचा वाद चालू होता. तो सांगायला हवा. मंडळातलं प्रत्येक वाद्य घरी बनलेलं, त्यामुळे प्रत्येकाचा सूर ज्याच्या त्याच्या घरचा. सुरुवातीला कुणी कुणाला जुळवून घ्यायचं यावरून दर वेळी खटके उडत. मास्तर म्हणत, चाकाच्या तारा हलवता येत नाहीत, तुम्ही चाकाला जुळवा. डॉक्टर म्हणत, हवेत गारवा असला की चाकच उतरतं, मला मान्य नाही. अर्धी सकाळ त्यात जाई आणि मग सगळे दमून जसं असेल तसं वाजवायला सुरुवात करत. मंडळाचं संगीत म्हणून लोक जे ऐकत ते खरं तर थकवा होता.

मास्तरांनी हात वर केला. "चला, नवं वाद्य ऐकू."

मी गालिच्याच्या कडेला चौकट टेकवली, दोन्ही चपला हातांत घेतल्या आणि पहिला पाईप वाजवला. बुंग.

"छान," मास्तर म्हणाले. "हा पहिला. पुढचा?"

बुंग.

"तोच झाला की. पुढचा?"

"पुढेही तोच आहे," मी म्हणालो.

"आणि शेवटचा?"

मी शेवटचा वाजवला. खुर्च्यांवरून कुणीतरी खोकलं. मग मी उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगितली, चपला हातांतच ठेवून. प्लंबरपाशी आल्यावर मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे हे पाईप अखेरीस कापले ते प्लंबरने."

"हो, पण चौकट माझी आहे. चपलाही माझ्याच."

"नियम स्पष्ट आहे. वाद्य स्वतः बनवलेलं हवं. हे प्लंबरचं वाद्य झालं. त्याला बोलवा, तो गालिच्यावर बसेल."

मी चौकट उचलायला वाकलो. आयुष्यात अनेकांची मापं मी नापास केली आहेत, पण नापास झालेल्या दुकानदाराला कसं वाटतं ते मला त्या क्षणी कळलं. तेवढ्यात बायको बोलली.

"मास्तर, प्लंबर का आला? तर यांनी 'जाणारं पाणी' लिहून दिलं म्हणून. ते कुणी लिहायला सांगितलं होतं का? नाही. इतकी मोठी चूक यांनी एकट्याने, स्वतःच्या हाताने केलीय. मग वाद्य यांचंच."

"चुकीने झालेलं वाद्य धरायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग चाकाचं काय करायचं?" बायको म्हणाली.

सगळ्यांनी चाकाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या पोपड्याकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मुद्दा बरोबर आहे. पण हे इतरांबरोबर बसलं पाहिजे. एका सुराचं काय करणार?"

बायको मला म्हणाली, "मारत राहा," आणि डबा मांडीवर घेऊन तार पिळायला लागली. मी मारत राहिलो. पहिल्या पाईपवरून आठव्यावर, आठव्यावरून पहिल्यावर, बुंग, बुंग, बुंग. तिची तार हळूहळू वर चढली आणि एका क्षणी माझ्या बुंगमध्ये अशी मिसळली की डबा कुठे संपतो आणि पाईप कुठे सुरू होतो ते मलाही कळेना, आणि मला तर सूर कळत नाही. मास्तरांनी मान कलती केली. चाकावर बोट फिरवत त्यांना त्यात एक तार सापडली जी माझ्याशी जुळत होती. हळूहळू बाकीचेही जुळवायला लागले. पाईपांशी वाद घालायची सोयच नव्हती. चाक उतरलंय म्हणता येतं, दोरी सैल आहे म्हणता येतं, पण आठ पाईप एका आवाजात तेच सांगत असले की त्यांच्यापुढे माणूस काय बोलणार?

डॉक्टर तेवढे अडून बसले होते. दोरी सैल करून खाली यायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी ती वर ताणली, आणखी ताणली, आणि फट्कन तुटली. मला वाईट वाटलं, असं मी त्यांना म्हणालो. पण डॉक्टर तयारीचा माणूस. त्यांनी खिशातून नवी दोरी काढली, बांधली आणि निमूटपणे माझ्या पाईपांशी जुळवली.

अर्धी सकाळ न जाता मंडळ सुरात लागलं होतं. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं आणि त्यामुळे पुढे काय करायचं ते कुणाला सुचेना. मास्तर उभे राहिले. "वाद्य बसलं," ते म्हणाले. "पाईप मंडळात."

मी चपला बगलेत मारल्या, चौकट उचलली आणि बायकोच्या शेजारी निघालो.

"तिथे नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही मागे. अगदी मागे, मधोमध. सगळ्यांना सूर सारखा ऐकू यायला हवा. शिवाय चौकट पुढे ठेवली तर खुर्चीवाल्यांना कुणीच दिसणार नाही."

भूमितीच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. मी चौकट घेऊन मागे गेलो. तिथे गालिचा संपायला आला होता आणि त्याची कड उसवलेली होती. मी बसलो. समोर सगळ्यांच्या पाठी. पुढच्या रांगेत डॉक्टर खण मांडीवर घेऊन बसले, त्यांनी शेजारची जागा हाताने साफ केली आणि म्हणाले, "या वहिनी, सुरू करू."

मला वाटलं, ठीक आहे. गालिचा मिळाला. माणसाने किती म्हणून मागावं? मी चपला नीट धरल्या आणि तिच्या पाठीकडे बघायची तयारी केली.

बायको उठली. तिने डबा उचलला. डॉक्टरांनी जरा सरकून जागा मोठी केली. ती त्यांच्यावरून, मास्तरांच्या चाकावरून, सगळ्यांच्या मधून वाट काढत मागे आली आणि माझ्या शेजारी त्या उसवलेल्या कडेवर बसली.

"वहिनी, तिथे कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"मला इथून सूर नीट ऐकू येतो," ती म्हणाली.

मग मास्तरांचाही नाइलाज झाला. वाजवायला सुरुवात करायची ती डब्याने, आणि डबा मागे. चाक वळलं, खण वळला, सगळं मंडळ कुरकुरत आमच्याकडे तोंड करून बसलं आणि खुर्चीवाल्यांना खुर्च्या उचलून खोलीच्या या बाजूला याव्या लागल्या. या सगळ्या धावपळीत मी, कुणी सांगितलेलं नसताना, आनंदाच्या भरात आठही पाईपांवर जोरजोरात चपला हाणत होतो.

बायको तार छेडायला वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हळू मारा. मी आलेय."

मी हळू मारायला लागलो.